सहावी ओळ

गुरुवार, ७ तारीख

मावशी,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. कुठे चुकलं असेल तर दुरुस्त कर.

१. सोमवारी सकाळी बाबा दुकानात स्टुलावरून पडले. दुरुस्तीला आलेला एक तराजू वरच्या फळीवरून काढत होते.
२. शेजारच्या किराणावाल्यांनी त्यांना तुझ्या रुग्णालयात आणलं. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं.
३. मंगळवारी ऑपरेशन झालं. ते व्यवस्थित झालं असं डॉक्टर म्हणाले.
४. बुधवारी दुपारपासून बाबा असंबद्ध बोलू लागले. संध्याकाळी त्यांनी सलाइनची नळी उपसून काढली.
५. तू फोन त्यांच्या कानाला लावलास. मी "बाबा" म्हटलं. ते म्हणाले, "साहेब, काटे उद्या दाखवतो."
६. मी फोन ठेवला.

चौथ्या मुद्द्यावर माझं मत कोणी मागितलेलं नाही, तरी देते. ऑपरेशननंतर वयस्क माणसांना असा भ्रम होतो. बहुतेकांचा उतरतो, सगळ्यांचा नाही. किती दिवसांत, हे सांगता येत नाही. माझं सध्याचं काम नेमकं याच विषयावर आहे. जगभरातले अभ्यास वाचायचे, कच्चे बाजूला काढायचे, आणि उरतं त्याचं एक पान करायचं, वॉर्डात उभ्या उभ्या वाचता येईल असं. ते पान जवळजवळ तयार आहे.

तोवर हे कळव: चष्मा जवळ आहे का? कानातलं यंत्र घातलं आहे का? पाणी किती पितात? पोट साफ झालं का?

तुमच्या रुग्णालयातून नमुन्यांची गाडी रोज आमच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत येते आणि संध्याकाळी परत जाते. हे पत्र तिच्यातून पाठवते आहे. मला फोनपेक्षा हे बरं पडतं.

— मी


शुक्रवार, ८ तारीख

टाचणी,

तुझं पत्र गाडीवाल्याने रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यावर ठेवून आणलं. वॉर्डातल्या पोरी विचारायला लागल्या, "सिस्टर, कोणाचा रिपोर्ट?" म्हटलं, भाचीचा आहे. सगळं नॉर्मल आहे, फक्त काळजी करायची पद्धत जरा कोरडी आहे.

आता तुझी प्रश्नपत्रिका. चष्मा पडले तेव्हाच दुकानात राहिला. कानातलं यंत्र ऑपरेशनच्या आधी काढलं, ते कपाटात आहे. पाणी पुढे केलं की तोंड फिरवतात. पोट साफ नाही. झालं समाधान?

भाऊजी सध्या आमच्या वॉर्डात नाहीतच मुळी. ते वजनमापांच्या तपासणीला आलेत. आम्ही सगळ्या साहेब लोक आहोत, आणि त्यांचे काटे खोटे ठरवून दुकानाला सील ठोकणार आहोत. थोड्या थोड्या वेळाने मला हात जोडतात, "बाई, छाप मारून द्या हो, माझे काटे खरे आहेत." इतकी वर्षं मला जेलर म्हणत आले, आता बढती मिळाली. पोरी हसतात. मीपण हसते. मग कपड्यांच्या खोलीत जाऊन चादरी मोजल्यासारखं करते आणि परत येते.

मोठे डॉक्टर म्हणतात, रात्री हात बांधा आणि झोपेचं इंजेक्शन द्या, नाहीतर नळ्या उपसत बसतील. त्यांचंही अगदीच चूक नाही गं. रात्रपाळीला दोघी पोरी आणि वॉर्ड गच्च. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा, माझी भाची यातलीच आहे, तिला विचारते. तोवर किराणावाले रात्री जवळ बसतात. बिचारे दिवसभर दुकान सांभाळतात आणि इथे येऊन खुर्चीत डुलक्या घेतात. भाऊजी त्यांना ओळखतात की नाही देव जाणे, पण त्यांच्या तराजूला ओळखतात. काल म्हणाले, "तुझं डावं पारडं पुसत जा, पीठ साचतं." किराणावाले खूश! म्हणे, "अहो सिस्टर, हे तर रोजचंच बोलणं झालं."

आता माझा प्रश्न. एकच आहे. तू येतेस का?

पाच तासांचा रस्ता आहे. ताई असती तर तिने तुला विचारलं नसतं, हुकूम सोडला असता. मला हुकूम सोडता येत नाही. मी नुसती मावशी.

तुझी,
मावशी


शनिवार, ९ तारीख

मावशी,

पत्रक सोबत आहे. पिवळ्या कागदावर आहे, कारण वॉर्डात पांढऱ्या कागदांच्या गर्दीत ते हरवू नये असं आमच्याकडे ठरलं आहे. तू विचारलेल्या सगळ्या गोष्टींची उत्तरं त्यात आहेत. डॉक्टरांना दाखवशील तेव्हा पाचव्या ओळीवर बोट ठेव.

कागद ओला झाला तर म्हणून मजकूर इथेही उतरवते.

१. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी रुग्णाला परत देणे. शिफारस आहे.
२. दिवस, वेळ आणि जागा वारंवार सांगणे, घड्याळ दिसेल असे ठेवणे. शिफारस आहे.
३. वेदना, तहान, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी आणि चालू औषधे तपासणे. शिफारस आहे.
४. दिवसा उठवून बसवणे, रात्री झोपमोड टाळणे. शिफारस आहे.
५. हात न बांधणे, गुंगीचे औषध सरसकट न देणे. शिफारस आहे.
६. रात्री घरचे माणूस जवळ असणे. शिफारस नाही.

पाठीमागे प्रत्येक ओळीखाली अभ्यासांचे संदर्भ आहेत. डॉक्टरांना ते लागतील, तुला लागणार नाहीत.

शुक्रवारी हे पत्रक आमच्या समितीपुढे आहे. मंजूर झालं की बऱ्याच रुग्णालयांत जाईल. त्यामुळे हा आठवडा मी टेबलाशीच आहे. उद्या गाडी नाही, हे तुला सोमवारी मिळेल.

बाबांना सांग... काय सांगायचं ते मला सुचत नाही. आधी चष्मा दे.

— मी


बुधवार, १३ तारीख

स. न. वि. वि.

आपलं पत्रक मिळालं. आभारी आहे.

एक ते पाच सोमवारपासून केलं. किराणावाल्यांनी दुकानाचं शटर उघडून चष्मा शोधून आणला. कानात यंत्र घातलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ लावलं. पोट साफ झालं. दुपारी दोन वेळा खुर्चीत बसवलं. मोठ्या डॉक्टरांनी पत्रक उभ्यानेच वाचलं, मागची बाजूही वाचली, आणि हात बांधायचं व इंजेक्शनचं दोन्ही रद्द केलं. दिवसा फरक आहे. काल मला नावाने हाक मारली.

सहावंही पाळलं. सोमवारपासून किराणावाल्यांना रात्री घरी पाठवते. रात्री बऱ्या जात नाहीत. नळी पुन्हा उपसली.

माझ्या प्रश्नाचं उत्तरही पत्रकात मिळालं. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार.

आपल्या बैठकीस शुभेच्छा.

सिस्टर इन-चार्ज,
हाडांचा वॉर्ड


गुरुवार, १४ तारीख

मावशी,

तू मला "आपण" म्हणालीस. टायपिंगची चूक असेल, ही शक्यता तपासली. पत्र हाताने लिहिलेलं आहे.

प्रथम महत्त्वाचं. किराणावाल्यांना आज रात्रीच परत बोलाव. सहाव्या ओळीत पाळण्यासारखं काहीही नाही. "शिफारस नाही" याचा अर्थ एवढाच की या बाबतीत आम्ही कोणतीही शिफारस केलेली नाही. अभ्यास थोडे आहेत, लहान आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. फायदा होतो असं म्हणता आलं नाही. तोटा होतो असंही म्हणता आलं नाही. म्हणून गप्प बसलो. ती मनाई नव्हती. आमच्या खोलीत हा शब्द सगळे असाच वाचतात. मला वाटलं, सगळीकडे असाच वाचत असतील.

दुसरं. तू लिहिलंस की नळी पुन्हा उपसली. ती कुठून कुठे जाते? छातीवरून किंवा पांघरुणावरून जात असेल तर बाबा ती ठेवणार नाहीत. लहानपणी मी दुकानात बसायचे तेव्हा माझं काम एकच होतं. कुठला दोरा, कुठली साखळी पारड्याला टेकत नाही ना, ते बघायचं. टेकली तर वजन खोटं येतं. बाबा बोलता बोलता हात पुढे करून ती बाजूला करायचे, गिऱ्हाइकाकडे न बघता. मला वाटतं ते नळी काढत नाहीत, पारडं मोकळं करतात. नळी बाहीवरून वळवून मागे अडकव, अंगाला लोंबती टेकू देऊ नकोस. याला कसलाही अभ्यास नाही. हा फक्त माझा अंदाज आहे.

तिसरं. माझ्या कोणत्या उत्तराबद्दल तू आभार मानलेस? मी परत परत वाचलं. मला कळलं नाही.

— मी


शुक्रवार, १५ तारीख

टाचणी,

कोणतं उत्तर, म्हणून मलाच विचारतेस?

मी लिहिलं, तू येतेस का. तू लिहिलंस, विचारलेल्या सगळ्या गोष्टींची उत्तरं पत्रकात आहेत. मी पत्रक उघडलं. सहावी ओळ: रात्री घरचं माणूस जवळ असणे, शिफारस नाही. आता सांग, मी काय समजायचं? म्हटलं, वा! पोरीला यायचं नाही, तर तेही शास्त्राच्या आधाराने, मागच्या पानावर संदर्भांसकट.

आणि तुमच्या खोलीत कसं वाचतात ते तुमच्या खोलीला लखलाभ. बदलीच्या अर्जावर आमचे साहेब "शिफारस नाही" असं लिहितात, तेव्हा त्या माणसाची बदली होत नाही. साहेब अजून विचारात आहेत, असा अर्थ आजवर कोणी काढलेला मी पाहिला नाही. वर पाच ओळींत "आहे, आहे, आहे" आणि खाली "नाही". हे वाचून मीच काय, आमच्या सगळ्या पोरींनी तेच केलं असतं. विचारून बघितलं मी. सगळ्या एकमुखाने म्हणाल्या, घरच्यांना बाहेर काढायचं.

त्या दिवशी पत्रक वाचून मोठे डॉक्टर म्हणाले, "फार स्वच्छ काम आहे. कोणी केलं?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पेशंटच्या मुलीने." ते म्हणाले, "मग ती कुठे आहे?" मी नुसता केसपेपर पुढे केला. त्याचा राग होता, तो तुझ्यावर "आपण" होऊन निघाला. तुला लागला असेल तर लागू दे थोडा. पण थोडाच.

आता ऐक. तुझं पत्र काल रात्री गाडीतून उतरताच किराणावाल्यांना बोलावून घेतलं. नळी तू सांगितलीस तशी केली, बाहीच्या आतून घेऊन खांद्यामागे चिकटवली. भाऊजींनी हात पुढे केला, छातीवर काही सापडलं नाही, हात परत ठेवला. सकाळी नळी जागेवर होती. रात्रपाळीच्या पोरीने मला येऊन सांगितलं तेव्हा मी तिच्यासमोरच डोळे पुसले. होऊ दे बदनामी.

हे तुझ्या पिवळ्या पानात कुठेच नव्हतं गं. हे तुलाच माहीत होतं. आणि तू पाच तासांवर बसलीस, कारण तुला वाटतं तुझा इथे उपयोग नाही. मला माहीत आहे कुठून आलं ते. मागे त्यांना ताप आला आणि तू आलीस, तेव्हा ते म्हणाले, "तू इथे काय करणार, तुझं काम बघ." तू ते वाक्य उचललंस आणि फाइलीत लावलंस. अगं, "ये" म्हणाले नाहीत हे खरं. "येऊ नको" तरी कुठे म्हणाले? तूच शिकवलंस ना काल मला, दोन्हीतला फरक?

मी पुन्हा विचारणार नाही. किटलीतला चहा गार झाला आणि राऊंडची वेळ झाली.

तुझी,
मावशी


शनिवार, १६ तारीख

मावशी,

तुझं पत्र दुपारी बाराला मिळालं.

कालच्या बैठकीत पत्रक मी मागे घेतलं. अध्यक्ष म्हणाले की "शिफारस नाही" हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे आणि सगळ्यांना कळतो. मी सांगितलं, माझ्या मावशीने तो वाचला, ती आयुष्यभर वॉर्डात काम करते आहे, आणि तिला त्यात जे लिहिलं होतं तेच कळलं. आम्हाला म्हणायचं होतं ते वेगळं होतं. सहावी ओळ दुरुस्त होईपर्यंत पान छापायचं नाही, असं ठरलं. तू आधीच वाचलंस म्हणून ते एका वॉर्डापुरतं राहिलं. नाहीतर कितीतरी खुर्च्या पलंगांपासून उचलल्या गेल्या असत्या, आणि माझ्यापर्यंत ते कधीच पोचलं नसतं. याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण दुसरं याहून बरं होत नव्हतं.

ताप आला होता तेव्हाचं वाक्य मला तंतोतंत आठवतं. ते प्रश्नार्थक होतं. मी त्याला पूर्णविराम दिला होता.

माझ्या येण्याने बाबांना फरक पडेल का, हे मला माहीत नाही. पडणार नाही असंही कुणी दाखवलेलं नाही.

गाडीवाल्यांना विचारलं. पुढची सीट रिकामी असते. संध्याकाळी निघतात. हे पत्र खोक्यावर ठेवायची गरज नाही, ते माझ्या हातात असेल.

— मी


शनिवार, ३० तारीख

टाचणी,

तू परत जाऊन पाच दिवस झाले आणि माझी एक ओळ नाही, म्हणून फुगली असशील. फुगू नकोस. भाऊजींना बुधवारी घरी सोडलं, त्या गडबडीत होते. मधल्या खोलीत पलंग लावला आहे. चालायला चौकट दिली आहे. चौकटीचा एक पाय बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड निघाला, हे त्यांनी पहिल्याच फेरीत ओळखलं आणि आमच्या भांडारवाल्याला इतकं सुनावलं की तो अजून कान चोळतोय. मी समजले, माणूस बरा झाला.

तू आलीस तो दिवस वॉर्डात अजून गाजतोय. गाडीवाला दारातून ओरडला, "सिस्टर, आज एक नमुना जास्तीचा आहे!" म्हटलं, नमुनाच आहे ती, लहानपणापासून. तू तशीच बॅग घेऊन भाऊजींपुढे उभी राहिलीस, ना रडणं ना काही. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वजन घटलंय." मला वाटलं, हे तपासणीचंच चाललंय, ओळखलं नाही. तुलाही तेच वाटलं, तुझा चेहरा बघितला मी.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू आल्यानंतरच्या मंगळवारी दुपारी खुर्चीत झोपली होतीस. तोंड उघडं, मांडीवर ते तुझे कागद. भाऊजींनी मला बोटाने जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "ही कधी आली?"

म्हटलं, "झाले की तीन दिवस."

"तिला काम नाही?"

"आहे. इथूनच करते."

चष्मा सरळ करून तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पंखा हळू कर. तिला वारा लागतोय."

दुकानात पंखा कधी लावू दिला त्यांनी? उन्हाळ्यात गिऱ्हाइकं घामाने निथळायची, पण पारड्याला वारा लागता कामा नये. त्या माणसाने तुझ्यासाठी पंखा हळू करायला सांगितला, तेव्हा मी म्हटलं, संपली तपासणी. लागला छाप.

तुला तेव्हाच सांगणार होते. पण तू उठून लगेच विचारलं असतंस की नेमके कोणते शब्द वापरले, आवाज किती स्पष्ट होता, दिवस-वेळ सांगता आली का. म्हणून राखून ठेवलं. आता घे.

वॉर्डाचं सांगायचं तर, आता नवीन पेशंट आला की पोरी घरच्यांना आपणहून विचारतात, "यांना काय खपत नाही?" परवा एका आजोबांची मुलगी म्हणाली, त्यांना उशाशी चपला लागतात. ठेवल्या. मोठे डॉक्टर राऊंडला आले, चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "हे पिवळ्या पानात आहे?" म्हटलं, येईल.

येईल ना गं?

तुझे उपकार मानायचे नाहीत, तू घरची आहेस. पण त्या पानामुळे त्यांचे हात बांधले गेले नाहीत, हे मी विसरणार नाही. बांधायची वेळ आली असती तर ते मला करावं लागलं असतं. माझ्या हाताने.

तुझी,
मावशी


सोमवार, १ तारीख

मावशी,

पंख्याची गोष्ट मिळाली. ती मी आज कामाच्या वेळेत वाचली, हे तुला सांगायला हरकत नाही. नेमके शब्द तू लिहिले आहेस, त्यामुळे आणखी काही विचारत नाही.

माझ्या येण्यामुळे बाबा बरे झाले असं मी म्हणणार नाही. मी येण्याआधीच्या गुरुवारपासूनच रात्री सुधारत होत्या. चष्मा, कानातलं यंत्र, पाणी, किराणावाले, नळीची जागा, आणि नुसते गेलेले दिवस, यातलं कशामुळे किती, ते वेगळं काढता येत नाही. तुलनेला माझ्याकडे दुसरे बाबा नाहीत. पण आभार मानायला कारण सिद्ध व्हावं लागत नाही, हे गेल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं. म्हणून मानते. तुझे, रात्रपाळीच्या दोघींचे, कागदाची मागची बाजूही वाचणाऱ्या तुमच्या मोठ्या डॉक्टरांचे. किराणावाल्यांचे मी मानले होते, तेव्हा ते म्हणाले, "काटा खरा ठेवलाय त्यांनी माझा इतकी वर्षं, त्यात काय."

हात बांधण्याबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी खिडकीपाशी जाऊन आले. पत्रक करताना ती माझ्यासाठी पाचवी ओळ होती. बांधणारा हात कोणाचा तरी असतो, हे त्या ओळीत दिसत नाही. यापुढे लिहिताना मला तो हात दिसेल.

नवी प्रत सोबत आहे. पहिल्या पाच ओळी तशाच. पुढच्या अशा:

६. रात्री घरचे माणूस जवळ असणे. फायदा होतो की नाही, हे अजून ठरलेले नाही. अभ्यास कमी आहेत. मनाई नाही. रुग्णाला आणि घरच्यांना विचारून ठरवा.
७. रुग्णाला काय खपत नाही आणि काय जवळ लागते, हे घरच्यांना विचारा. याला आमच्याकडे अभ्यास नाही. एका वॉर्डाचा अनुभव आहे.

सातव्या ओळीवर समितीत बराच वाद झाला. अभ्यास नाही तर ओळ कशाला, असा मुद्दा होता. अभ्यास नाही, हेच ओळीत स्वच्छ लिहिलं तर कोणाची फसवणूक होत नाही, असं मी म्हटलं. ती राहिली.

छापण्याआधी तुझी मदत हवी. ज्यांना मी काही समजावलेलं नाही अशा तिघींना सहावी आणि सातवी ओळ वाचायला दे. अर्थ काय, असं विचारू नकोस. तू आता काय करशील, असं विचार. त्या म्हणतील ते तसंच लिही, सुधारू नकोस.

आणखी एक. शनिवारच्या गाडीने निघून हा रविवार घरी काढण्याचा माझा विचार आहे. बाबांना विचार. ते "तिचं काम बघू दे" म्हणतील. ते उत्तर धरू नकोस. दुकानात त्यांचा नियम होता, काटा हलत असताना आकडा वाचायचा नाही. चहा दे, पंखा बंद कर, थोडं थांब, आणि मग पुन्हा विचार.

दोन्ही उत्तरं गुरुवार, ४ तारखेच्या गाडीने पाठव. शुक्रवारी पत्रक छापायला जाईल, आणि मला पुढची सीट सांगून ठेवावी लागेल.

तुझी,
टाचणी